दुपारी घरी कोण असतं?

वार्षिक परीक्षा संपल्या की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मुलगी मागेच लागलीये, सुट्टीत पिल्लू आणायचं म्हणतोय. लॅब घेऊ की गावठी?" जातीचं नंतर बोलू, असं सांगून मी आधी विचारते, दुपारी बारा ते पाच तुमच्या घरी कोण असतं?

मे महिन्यात सगळेच असतात. मुलं घरात, मामेभावंडं आलेली, पिल्लाला मांडीवर घ्यायला रांग. पण दोन महिन्यांचं पिल्लू मेच्या सुरुवातीला घरी आलं, तर जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा ते साडेतीन महिन्यांचं असतं. सवयी अजून लागायच्या असतात, लसीचे डोस जेमतेम पुरे होत आलेले असतात आणि बाहेर पाऊस लागलेला असतो. तोवर कधीही एकटं न राहिलेलं ते पिल्लू एका सोमवारी सकाळी अचानक रिकाम्या घरात उरतं. मग ते दार ओरबाडतं, रडतं, शेजारचे तक्रार करतात आणि लोक म्हणतात, कुत्रं वाईट निघालं.

दोन महिन्यांचं पिल्लू लघवी दोन-तीन तासांपलीकडे धरू शकत नाही. रात्रीही एक-दोनदा उठावं लागतं. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून नवे येऊ लागतात. हिरड्या शिवशिवत असल्यामुळे चपला, सोफ्याचे कोपरे, चार्जरच्या वायरी सगळं तोंडात जातं. ओरडून ते थांबत नाही. चावायला दुसरं काही हातात देणारं माणूस त्या क्षणी तिथे लागतं. स्वयंपाकघरावरही लक्ष हवं. आपल्या भाजी-आमटीतला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, चॉकलेट आणि बेदाणे तर विषच. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा प्रेमाने भरवणारे पाहुणे प्रत्येक घरात असतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांच्या काळाची. या वयात पिल्लू जे पाहतं-ऐकतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. जे पाहिलेलं नसतं, त्याची भीती बसू शकते. कुकरची शिट्टी, रिक्षाचा आवाज, टोपीवाले आजोबा, रडणारं बाळ, हे सगळं तेव्हाच हळूहळू ओळखीचं व्हायला हवं. अडचण अशी की त्याच काळात लसीही पुऱ्या झालेल्या नसतात. पार्वोचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात आणि रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. म्हणून त्याला जमिनीवर न सोडता, कडेवर घेऊन जग दाखवावं लागतं, रोज. ज्या घराला यासाठी वेळ नाही, त्या घरातलं सहा महिन्यांचं कुत्रं गणपतीच्या ढोलाला थरथरतं आणि दिवाळीत पलंगाखालून बाहेर येत नाही.

हे सगळं कोण करणार? मूल म्हणतं, "मी करीन," आणि ते मनापासून म्हणतं. पण दहा वर्षांचं मूल शाळा-क्लास सांभाळून हे करू शकत नाही. तेव्हा काम पडतं घरातल्या बाईवर, तिच्या सासूवर, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींवर. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. माझं ठाम मत आहे की शेवटचा होकार त्यांचा असावा. आमच्या घरी सासूबाईंनी स्वच्छ नाही म्हटलं होतं, आणि आम्ही थांबलो. पुढे माझं काम घरून सुरू झालं, तेव्हा त्यांनीच अटी घातल्या: देवघरात यायचं नाही, पहाटेचं फिरवणं मुलाने करायचं, आजारपणाचे पैसे वेगळे ठेवायचे. त्या अटींवर आमची कुत्री मोठी झाली.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. कोणी महिन्याभराचं देत असेल तर तिथून परत या. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. आणि पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, जरी पहिल्या वेळचा दंड आजही ५० रुपयांपर्यंतच असला तरी. तो इतका कमी आहे याचा मला राग येतो, कारण पावसाळा संपता संपता गळ्यात पट्टा असलेली कुत्री रस्त्यावर दिसतात. गाडीच्या प्रत्येक हॉर्नला ती मान वर करून पाहतात.

नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणार असतील, तर मी पिल्लू आणू नका असंच सांगते. त्याऐवजी दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घ्या. त्याचा स्वभाव आधी कळतो, बाहेर जाऊन शी-शू करायची सवय बऱ्याचदा लागलेली असते, चावाचावीचं वय सरलेलं असतं. तरी दुपारी एखादी फेरी मारून आणणारं कोणीतरी शोधावं लागेलच. आणि घरात एकमत होत नसेल, तर जवळच्या प्राणीसंस्थेकडे चौकशी करा. आजारातून उठलेली, आई गेलेली पिल्लं काही आठवडे सांभाळायला त्यांना घरं हवी असतात. औषध कोणतं, खाणं किती, हे तेच सांगतात. रात्री उठायचं मात्र तुम्हाला. मे महिन्याची सुट्टी त्याला बरोबर पुरते.