आतिथ्याचा खरा पाया

समलिंगी प्रवाशांचे मोकळेपणाने स्वागत करणारे शहर म्हणून कॅनडातील क्वेबेक शहराचा लौकिक आहे. १६०८ साली वसलेल्या या फ्रेंचभाषक शहराची तटबंदी आजही शाबूत असून १९८५ साली युनेस्कोने त्याच्या जुन्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु या स्वागताचे श्रेय केवळ नागरिकांच्या दिलदारपणाला देणे म्हणजे इतिहास विसरणे होय.

ऑक्टोबर १९७७ मध्ये याच प्रांतातील माँट्रियल येथे समलिंगी पुरुषांच्या एका मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला आणि १०० हून अधिक जणांना पकडले. दुसऱ्या रात्री सुमारे २,००० लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. त्याच डिसेंबरात क्वेबेक शहरात भरणाऱ्या प्रांतिक विधिमंडळाने मानवी हक्कांच्या सनदेत लैंगिक कलाचा समावेश केला. या कारणावरून नोकरी, घर किंवा हॉटेलातील खोली नाकारणे बेकायदेशीर ठरले. समलिंगी विवाहाचा मार्ग २००४ साली न्यायालयाच्या निर्णयाने खुला झाला. खोलीचा हक्क त्याच्या कितीतरी आधी मिळाला होता.

कायद्याने माणसांची मने बदलत नाहीत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु दोघा प्रवाशांना रात्रीचा निवारा मिळणे हॉटेलातील कारकुनाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, एवढे कायदा निश्चित करू शकतो. मर्जीने मिळालेले आतिथ्य मर्जी फिरताच संपते. हक्काने मिळालेले टिकते.