ज्यूस म्हणजे फळ नव्हे!

'आमचा पिंट्या कोल्ड्रिंकला हातही लावत नाही, फक्त ज्यूस!' अहो, टेट्रापॅकची मागची बाजू वाचा की जरा. १०० मिलिलीटरला साधारण १२ ग्रॅम साखर, म्हणजे २०० मिलिलीटरमध्ये शंभरेक कॅलरीज. कोल्ड्रिंकमध्ये तरी वेगळं काय असतं? आयसीएमआरच्या २०२० च्या आकड्यांनुसार पाच वर्षांच्या पोराची दिवसाची गरज १३६०. दोन पॅक प्यायला की सातवा हिस्सा तिथेच संपला, आणि पोट काही भरत नाही. पोळी-भाजी नेहमीइतकीच.

दुधातली चॉकलेटी पावडर? तिला 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये वेबसाइट्सना बजावलं. (आमच्याही घरी डबा होता, कबूल!)

अख्ख्या संत्र्यात साठेक कॅलरीज, वर चोथाही पोटात जातो. पण सोलायला वेळ कुणाला आहे राव?