शपथविधी पाहिला किती जणांनी?
अमेरिकी अध्यक्षाचा शपथविधी झाला की प्रेक्षक मोजणारी नील्सन ही कंपनी टीव्ही प्रेक्षकांचा आकडा देते आणि लोक त्यावरून त्याची लोकप्रियता ठरवतात. हे साफ चूक आहे. रेगन यांचा १९८१चा सोहळा सुमारे ४ कोटी १८ लाखांनी पाहिला, पण त्याच दिवशी इराणमधल्या ५२ अमेरिकी ओलिसांची सुटका होत होती. देश टीव्हीसमोर बसलाच होता. १९८४ला ४९ राज्ये जिंकूनही पुढच्या जानेवारीत त्यांच्या दुसऱ्या शपथविधीचे प्रेक्षक अडीच कोटींच्या आसपास आले. लोकांनी साथ सोडली नव्हती, नवलाई ओसरली होती. मोबाइलवर पाहणारे नील्सनच्या आकड्यात येत नाहीत, हा आक्षेप रास्तच. मात्र २०१७मध्ये व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने त्या वर्षीच्या शपथविधीच्या विक्रमी प्रेक्षकसंख्येच्या दाव्याच्या समर्थनार्थ ऑनलाइन प्रेक्षक जोडले, ते मला मुळीच पटत नाही: नील्सन दर मिनिटाची सरासरी काढते, तर ऑनलाइन मोजणीत क्षणभर डोकावणाराही पूर्ण प्रेक्षक ठरू शकतो.