दलाली हवी, तर दायित्वही हवे

आयुष्यभराची पुंजी घरासाठी पणाला लावणारा सामान्य माणूस सर्वप्रथम ज्याच्या शब्दावर विसंबतो, तो असतो दलाल. चटईक्षेत्र, जमिनीची मालकी, ताब्याची तारीख या साऱ्याची ग्वाही तोच देतो. व्यवहार फसला की मात्र ‘आपण केवळ मध्यस्थ’ असे सांगून तो अंग काढून घेतो आणि ‘ते आश्वासन आमचे नव्हतेच’ म्हणून बांधकाम व्यावसायिकही हात झटकतो. नागवला जातो तो ग्राहक!

कायदा याबाबत मुका नाही. अभिकर्त्याने आपल्या अधिकारकक्षेत राहून केलेली फसवणूक ही करारापुरती मालकानेच केल्यासारखी मानावी, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३८ सांगते. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घरे विकण्यास त्यांना मनाई केली आणि आवश्यक कागदपत्रे ग्राहकास मिळवून देण्याचे कर्तव्य त्यांच्यावर सोपविले. उल्लंघनास दररोज दहा हजार रुपये, कमाल घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. २०२३ मध्ये महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही अनिवार्य केली. हे सारे स्वागतार्हच आहे.

परंतु हे कवच मुख्यतः विकासकांच्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरते आहे. जुन्या घरांची फेरविक्री आणि भाड्याचे व्यवहार त्याबाहेरच राहतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येणारा तरुण वा पेन्शनीच्या पैशातून जुनी सदनिका घेणारा वृद्ध यांनी कोणाकडे पाहावे? दलाल नेमका कोणाचा प्रतिनिधी, दोन्ही बाजूंकडून तो किती दलाली घेतो, हे लेखी सांगण्याचे बंधन या व्यवहारांतही असावयास हवे.

वास्तूची विक्री शेजारी व ग्रामवृद्धांच्या समक्ष, सीमा स्पष्ट सांगून आणि जाहीर पुकारा करून व्हावी, असा दंडक कौटिल्याने अर्थशास्त्रात घालून दिला आहे. व्यवहार उघड्यावर व्हावा, हेच त्याचे मर्म! आज तो पुकारा कागदावर हवा. ग्राहकांनीही नोंदणी क्रमांक तपासावा, तोंडी आश्वासने लेखी मागावीत आणि दलालीची पावती घ्यावी. व्यवसायातील प्रामाणिक मंडळींनी तर या मागणीचे नेतृत्वच करावयास हवे. कारण विश्वास हेच त्यांचे भांडवल आहे आणि ते बुडाले, तर कोणताही कायदा ते परत मिळवून देणार नाही.