याच्यात नोकरी आहे का, सर?

पालकसभा संपली, खुर्च्या आवरून झाल्या, तरी एक बाप दाराशी थांबून राहिला होता. रिक्षा चालवतो. मुलगा नववीत आहे. माझ्या मराठीच्या पेपरात तो कसाबसा काठावर पास होतो, पण मधल्या सुट्टीत त्याच्या पायात चेंडू आला की शिक्षकही खिडकीशी येतात. बापाने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "सर, इसमें आगे नौकरी है क्या?"

उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागून मला अठरा वर्षे झाली. बी.एड.ला पालकांशी कसे बोलावे हे शिकवले होते. या प्रश्नाचे उत्तर मात्र तिथे कोणी दिले नव्हते. मी म्हणालो, "खेळू द्या त्याला, अभ्यासही करू द्या." हे उत्तर नव्हते, पळवाट होती, हे त्यालाही कळले. तो सलाम करून निघून गेला. तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे.

हाच प्रश्न १९९६ साली कोणी विचारला असता, तर आमच्या मदनपुऱ्यातल्या कोणीही उत्तर दिले असते, "आहे ना!" मी त्या वर्षी दहावी झालो होतो. डिसेंबरात देशातली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. तोवर आपल्याकडे चषक होते: ड्युरँड, रोव्हर्स, फेडरेशन कप. चषक म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा उरूस. संघ येणार, खेळणार, तंबू उठणार. लीगमध्ये संघ महिनोन् महिने गावोगाव जाऊन खेळणार आणि एखाद्या दिवशीच्या नशिबावर नव्हे, तर सगळ्या हंगामाच्या हिशेबावर विजेता ठरणार होता. बारा संघ होते. पहिले विजेतेपद पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने पटकावले. त्यांच्याकडून खेळणारा सिक्कीमचा तरुण बायचुंग भुतिया त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा ठरला. नंतर मोहन बागान, १९९८-९९ मध्ये गोव्याचे साळगावकर, मग पुन्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल असे विजेते होत गेले.

त्या काळातल्या संघांची नावे नुसती वाचली तरी आपला देश तेव्हा फुटबॉल कसा खेळत होता ते समजते. जेसीटी ही कापडगिरणी. महिंद्र अँड महिंद्र हा मोटारींचा कारखाना. एअर इंडिया ही विमान कंपनी. त्यांच्याबरोबर बँकांचे संघ, पोलिसांचे संघ. म्हणजे खेळाडू आधी नोकर आणि मग खेळाडू. सकाळी सराव, दुपारी हजेरी, महिन्याला पगार आणि गुडघा गेल्यावरही टेबल-खुर्ची शाबूत. मुंबईतले सामने कूपरेजवर होत. आम्ही मुले बसने जायचो आणि लाकडी पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खायचो. खरे सांगायचे तर गर्दी बेताचीच असे. पण बसलेल्यांपैकी निम्म्यांना मैदानातला कोणी ना कोणी ओळखीचा असे. हा अमक्याचा भाचा, तो तमक्या गल्लीतला, बँकेत लागला आहे. आमच्या वस्तीत बँकेत लागणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वडिलांची गिरणी १९८२च्या संपानंतर पुन्हा नीट सुरूच झाली नाही, त्यांना विचारा. माझे अब्बा त्यांतले एक होते.

आठवणीत सगळेच मैदान हिरवे दिसते, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. ती लीग काही आदर्श नव्हती. मैदाने उखडलेली असत. वेळापत्रक हंगामाच्या मध्येच बदले. टीव्हीवर सामना दिसला तर नशीब. कार्यालयांच्या संघांना नोकऱ्या होत्या, पण त्यांचे म्हणावे असे प्रेक्षक नव्हते. महिंद्र जिंकला म्हणून कांदिवलीत कोणी फटाके वाजवले नाहीत. याउलट कोलकात्यात १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये एक लाख एकतीस हजारांहून जास्त माणसे जमली होती. फरक उघड आहे. एकीकडे नोकरी होती, मोहल्ला नव्हता. दुसरीकडे मोहल्ला होता. गोव्याच्या क्लबांकडे थोडेफार दोन्ही होते: धेंपो, साळगावकर यांच्यामागे उद्योगघराणी होती आणि मडगावच्या फातोर्ड्याला येणारा माणूस गावच्या चर्चच्या मैदानावर खेळून मोठा झालेला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की फुटबॉलची लीग या दोन पायांवर उभी राहते: खेळाडूचे पोट आणि प्रेक्षकाचा मोहल्ला. पहिल्या लीगला हे दोन्ही पाय थोडे लंगडे होते. ते बरे करायच्या ऐवजी आपण ते कापून टाकले.

कसे ते पाहा. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाने ती जिंकण्याची ती एकमेव वेळ. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. २०११ मध्ये पहिला विजेता जेसीटी बंद झाला. कोचीतला एफसी कोचीन १९९७ मध्ये मोठ्या थाटात निघाला, त्याच वर्षी ड्युरँड कप जिंकला आणि काही वर्षांत संपला. राष्ट्रीय लीगचे नाव २००७ मध्ये आय-लीग झाले. २०१० मध्ये फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना आपले व्यापारी हक्क विकले आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. शहरे वाटली गेली, संघ नव्याने तयार झाले. वरच्या लीगमध्ये चढण्याचा आणि तिच्यातून घसरण्याचा नियमच नव्हता. खालचा कितीही चांगला खेळला तरी वर जाणार नाही, वरचा कितीही वाईट खेळला तरी खाली येणार नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा या तीन क्लबांनी याच कारणावरून आय-लीग सोडली.

आणि मग झालेली गंमत ऐका. मिझोरामचा ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर त्याला परत घेतले आणि पुढच्याच हंगामात तो देशाचा विजेता झाला. त्याचा प्रशिक्षक होता खालिद जमील, आपल्या कूपरेजवर महिंद्रकडून खेळलेला. जगात कुठेही अशा संघाला वरची पायरी मिळाली असती. आपल्याकडे वर पायरीच नव्हती. तेच खालिद जमील २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. माणूस वर गेला, संघ मात्र खालीच राहिला.

सुपर लीगने चांगलेही केले. दिव्यांच्या उजेडातली नीट मैदाने आली, परदेशी प्रशिक्षक आले, चांगल्या खेळाडूला आमच्या काळात स्वप्नातही न दिसलेला पैसा मिळाला. पण तो पैसा मोजक्याच खेळाडूंपर्यंत पोहोचला, आणि तोही कराराच्या तारखेपर्यंत. पुण्याचा संघ २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा आला, जणू दुकानाने गाळा बदलला. २०२५च्या जुलैमध्ये, पंधरा वर्षांचा तो करार संपत आला असताना, पुढचा हंगामच रोखून धरला गेला. देशातले उत्तम खेळाडू पगाराची वाट पाहत बसले. त्या रिक्षावाल्या बापाने मला प्रश्न विचारला तो याच वर्षी. त्याला वर्तमानपत्र वाचायची गरज नव्हती. त्याचा प्रश्न आपोआपच बातमीच्या मुळाशी पोहोचला होता.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. फुटबॉलचा विषय निघाला की आपल्यातली वडीलधारी मंडळी मोहमेडन स्पोर्टिंगचे नाव काढतात आणि त्यांची छाती रुंद होते. ते योग्यच आहे. १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब, आणि मग १९३८ पर्यंत सलग पाच वेळा. १९३७ मध्ये मुंबईचा रोव्हर्स कप बंगलोर मुस्लिम्सने गोऱ्या पलटणींच्या हातून काढून घेतला. १९४० मध्ये दिल्लीत ड्युरँड कपही मोहमेडनने जिंकला. पण ते कशाच्या जोरावर, हे आपण विसरतो. त्या क्लबने खेळाडू निवडताना कलकत्त्याची वेस ओलांडली. बंगलोरपासून क्वेट्ट्यापर्यंत माणसे शोधली. इतर भारतीय संघ अनवाणी खेळत आणि पावसाच्या चिखलात घसरत, तेव्हा मोहमेडनने ओल्या मैदानासाठी खेळाडूंच्या पायात बूट घातले. नुसता जोश सगळ्यांकडेच होता. यांच्याकडे तयारीही होती.

तो क्लब २०२३-२४ मध्ये आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला, कारण चढण्याचे दार तोवर थोडे किलकिले झाले होते. पहिल्याच हंगामात तो शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि खेळाडूंचे पगार थकले. आपण फक्त १९३४ सांगत राहिलो, तर आपल्या मुलाला २०२५ मध्ये काय देणार? आपल्या वस्त्यांत जमातखाने आहेत, शिक्षणाच्या नावाने ट्रस्ट आहेत, दरवर्षी गुणवंतांचे सत्कार आहेत. एका मैदानासाठी महापालिकेच्या दारात पाच वर्षे खेटे घालणारी समिती मात्र मी अजून पाहिलेली नाही. आमच्या शाळेचे मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरशी. तिथे पडलेल्या मुलाचे गुडघे मी स्वतः धुतले आहेत. आणि मुलींचे तर विचारूच नका. त्यांच्या वाट्याला ती फरशीही येत नाही.

मोहल्ला मैदानावर आला की काय होते ते पाहायला कोलकात्याला जावे लागत नाही. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. यांतला एकही संघ कोणाला विकलेला नाही, तो पेठेचा आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकाने ओस पडतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पण या तालमींपासून देशाच्या लीगपर्यंत जायला आज एक सरळ रस्ता दाखवा. मुलगा जाऊ शकतो, पेठ सोडून. पेठ जाऊ शकत नाही. आणि पेठ जाऊ शकत नसेल तर तिने राष्ट्रीय लीग का बघावी?

म्हणून मागण्या तीनच आहेत आणि त्या कोणा एका समाजाच्या नाहीत. पहिली, जिल्ह्याच्या लीगपासून देशाच्या लीगपर्यंत चढण्या-घसरण्याचा नियम खरोखर पाळला जावा, तोही अपवाद न करता. दुसरी, सार्वजनिक कंपन्या, बँका, रेल्वे आणि पोलीस यांनी खेळाडूंची भरती पूर्वीसारखी नियमित करावी. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी पदक लागते, पदकासाठी स्पर्धा लागते आणि स्पर्धेसाठी मैदान लागते. साखळीची पहिली कडी नसेल तर शेवटची कडी कागदावरच राहते. म्हणून तिसरी मागणी आपल्या स्वतःकडे आहे: प्रत्येक वस्तीने आपल्या शाळेसाठी एक मैदान मिळवावे आणि ते मुलींसाठीही खुले ठेवावे.

परवा तो मुलगा वर्गात निबंध लिहीत होता. विषय 'माझे आवडते ठिकाण'. मला वाटले मैदानावर लिहील. त्याने वडिलांच्या रिक्षावर लिहिले होते. मागच्या सीटखाली चेंडू ठेवलेला असतो, भाडे नसले की अब्बा कुठेतरी मोकळी जागा बघून थांबतात आणि मला पंधरा मिनिटे खेळू देतात, असे चार ओळींत, शुद्धलेखनाच्या अकरा चुकांसह. मी चुकांखाली लाल रेघा मारल्या आणि दहापैकी आठ गुण दिले. म्हणजे त्या बापाने स्वतःच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच दिलेले आहे. उरलेले अर्धे त्याच्या हातात नाही. ते महासंघाच्या, सरकारच्या आणि आपल्या हातात आहे. पुढच्या पालकसभेला तो पुन्हा दाराशी थांबेल. त्या वेळी तरी पळवाट काढायची वेळ माझ्यावर येऊ नये.