पाण्याला हात न लावता

परदेशातून कुणी फिरून आलं की हल्ली आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "मग काय काय केलंत तिकडे?" 'काय पाहिलंत' हे विचारणं मागेच पडलंय. क्रोएशियाहून परतल्यावर मलाही तेच विचारलं गेलं. मी म्हटलं, "धबधबे पाहिले, फळ्यांच्या वाटेवरून मनसोक्त चालले, पण पाण्यात पाय काही बुडवला नाही." त्यावर बहुतेकांचा चेहरा पडला. एवढ्या लांब जाऊन, एवढे पैसे खर्चून नुसतं बघायचं? मला मात्र ती बंदी अगदी योग्य वाटते. का, ते सांगते.

आधी थोडा भूगोल. (शिक्षिकेची खोड आहे, चालवून घ्या!) क्रोएशिया म्हणजे अॅड्रियाटिकच्या, अर्थात भूमध्य समुद्राच्याच एका फाट्याच्या काठावरचा छोटा देश. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत, पण राष्ट्रीय उद्यानं तब्बल आठ. माझा मुलगा जर्मनीत असतो. त्याच्याबरोबर त्यातली तीन पाहिली: प्लिटव्हित्से, क्रका आणि म्ल्येत बेट. 'भूजलाचे कार्य' हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. त्यातला 'कार्स्ट' हा शब्द शेजारच्या स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरच्या क्रास पठाराच्या नावावरून आलेला. फळ्यावर खडूने काढलेली चुनखडी सत्तरी उलटल्यावर प्रत्यक्ष पाहायला मिळाली, याचा आनंद काय सांगू!

प्लिटव्हित्सेला एकाखाली एक अशी सोळा तळी आहेत. एका तळ्यातून दुसऱ्यात पाणी उड्या घेत उतरतं. पण खरी गंमत पुढेच आहे. या तळ्यांचे बांध कुणी माणसाने घातलेले नाहीत, ते पाण्यानेच घातलेत. आणि अजून घालतंय! चुनखडीतून वाहताना पाण्यात चुना विरघळतो. धबधब्यापाशी पाणी फुटलं, उसळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तो चुना तिथल्या शेवाळावर साचू लागतो. आपल्या तांब्याच्या बंबात आतून पांढरा थर धरतो ना, साधारण तशातलाच प्रकार. शेवाळ खालून दगड होत जातं आणि वरून वाढत राहतं. वेग किती? अनुकूल जागी वर्षाला एखादा सेंटिमीटर. म्हणजे एक मूल पहिलीत जाऊन दहावी होईपर्यंत बांध जेमतेम अर्धी वीत चढणार.

आता एवढ्या सावकाश चाललेल्या कामात आपण उतरलो तर? पाय पडला की शेवाळ तुटतं. अंगाला चोपडलेली मलमं, घाम, सगळं पाण्यात जातं. पाण्यात असे सेंद्रिय पदार्थ वाढले की चुना साचण्याची क्रिया मंदावते. एकट्यादुकट्याने काही बिघडत नसेल, पण 2017 साली या एका उद्यानात सतरा लाखांच्या आसपास माणसं आली होती. तितके पाय डोळ्यांसमोर आणून पाहा.

या तळ्यांनी युद्धही पाहिलंय. 1991 च्या मार्चअखेरीस, ईस्टरच्या दिवशी इथेच झालेल्या चकमकीत त्या युद्धातले पहिले बळी गेले. युनेस्कोने 1979 साली जागतिक वारशाचा मान दिलेलं हे स्थळ 1992 ते 1997 धोक्यातल्या यादीत होतं. त्यातून ते बाहेर आलं. पुढे काळजी वाटू लागली ती प्रेमाने येणाऱ्यांची!

म्हणून मग नियम आले. आता तिकिटावर आत शिरायची वेळ घातलेली असते, आणि उन्हाळ्यातलं तिकीट हिवाळ्याच्या मानाने कितीतरी महाग असतं. क्रका नदीवरच्या स्क्रादिन्स्की बुक या मोठ्या धबधब्याखाली पूर्वी पोहायची मुभा होती, ती 1 जानेवारी 2021 पासून बंद झाली.

इथे मात्र एक गोष्ट मला टोचते. स्क्रादिन गावात ज्यांच्या घरी आम्ही उतरलो, त्या बाई माझ्याच वयाच्या असतील. सगळं बालपण त्या धबधब्याखाली पोहण्यात गेलं, असं त्या सांगत होत्या. याच पाण्यावर तिथे पिढ्यान् पिढ्या पीठगिरण्या चालल्या, याच पाण्याच्या जोरावर 1895 साली जवळच्या शिबेनिक शहरात विजेचे दिवे लागले. गावाचं नदीशी असं नातं, आणि आता नातवंडांनी मात्र कठड्यामागून बघायचं. गावच्या चार पोरांच्या डुंबण्याने काय बांध मोडले असते? बंदीची वेळ आली ती आमच्यासारख्यांच्या गर्दीमुळे. पाहुणे फार झाले म्हणून घरच्यांनाच माजघरात यायला मज्जाव, असला हा प्रकार! बंदी योग्य आहे, पण तिची किंमत कोण मोजतंय हे पाहुण्यांनी विसरू नये.

माणसाचा हात लागला की काय होतं, याचा एक नमुना म्ल्येत बेटावर आहे, आणि त्यात चक्क आपल्या इकडचं मुंगूस आहे! बेटावर विषारी साप फार, म्हणून 1910 साली तिथे मुंगसं सोडली. त्यांनी साप खाल्ले खरे, पण मग पक्ष्यांची अंडी, पिल्लं, कोंबड्या, जे मिळेल त्यावर ताव मारला. शंभरावर वर्षं झाली, मुंगसं अजून तिथेच आहेत. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हो. पण निसर्गात एकदा केलेलं पुन्हा पुसता येत नाही. आपलं शुद्धलेखन नव्हे ते.

आपल्याला वाहतं पाणी दिसलं की ओंजळ भरून डोळ्यांना लावायची सवय. त्यात श्रद्धा आहे, माया आहे, मला ती प्रियच आहे. पण जिथे रोज हजारो ओंजळी येतात, तिथे लांबूनच हात जोडणं हेही भक्तीतच मोडतं. पंढरीला गर्दीच्या दिवशी कळसाचं दर्शन घेऊन परततातच की वारकरी! कास पठारावर फुलांच्या दिवसांत माणसं मोजून सोडू लागले, तेव्हा आपल्याकडेही "आमच्याच साताऱ्यात आम्हालाच नोंदणी?" अशी ओरड झाली होती. साताऱ्याच्या माणसाची ती तक्रार मला समजते. पण मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून जाणाऱ्यांनी ती करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लिटव्हित्सेला जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा, सकाळची पहिली वेळ घ्या आणि फळ्यांवर चालताना मध्येच थांबून खालच्या शेवाळाकडे बघा. मासे अगदी पायाशी येतात. पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेल्या झाडाच्या खोडावर चढलेला चुन्याचा थरसुद्धा दिसतो. गुडघ्यांनी साथ दिली तर आणखी तासभर बघत उभी राहिले असते मी.