रस्त्यावरचं मीठ, गाडीचा गंज आणि कोणाचं बिल कोण भरतंय

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. किचनर-वॉटरलूच्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम मराठीत लिहितोय. दर मार्चमध्ये ग्रुपवर तोच प्रश्न येतो, "गाडीखाली गंज दिसतोय, कुठे दाखवू?" वीस जण वीस गॅरेजची नावं देतात आणि विषय संपतो. गंज मिठामुळे येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण एवढं मीठ टाकतं कोण, का टाकतं, आणि त्याचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात, यावर कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हायवेवर मीठ हवंच. पण प्लाझा, ऑफिसं, कॉन्डो, देवळं यांच्या पार्किंगमध्ये जे मीठ ओतलं जातं, त्यातलं बरंचसं बर्फासाठी नसतं, वकिलाच्या नोटिशीच्या भीतीने टाकलेलं असतं. आणि त्याचं बिल गाडीवाला भरतो.

हायवेबद्दल आधी सांगतो, नाहीतर खाली लगेच "मग काय घसरून मरायचं का" सुरू होईल. ४०१ वर पहाटे ब्लॅक आइसवर ज्याची गाडी एकदा फिरली आहे, त्याला मिठाची किंमत सांगावी लागत नाही. मात्र मीठ म्हणजे जादू नाही. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, एवढंच. प्रयोगशाळेत ते उणे २१ पर्यंत चालतं, रस्त्यावर उणे १० च्या आसपासच मंदावतं. कडाक्याच्या थंडीत पार्किंगमध्ये पांढरे खडे जसेच्या तसे पडलेले दिसतात ना, ते काहीच काम करत नसतात. बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर ओल्या समांतर रेघा दिसतात, ते मिठाचं पाणी. ते आधीच मारलं की बर्फ रस्त्याला चिकटत नाही आणि एकूण मीठ कमी लागतं. सरकारी खाती हे हळूहळू शिकली, कारण त्यांच्यावर दबाव आला. २००१ मध्ये केंद्र सरकारच्या तपासणीत रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक ठरलं. तेव्हाच्या हिशेबाने कॅनडात वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडत होतं. २००४ मध्ये रस्ते सांभाळणाऱ्या संस्थांसाठी आचारसंहिता आली. ती ऐच्छिक आहे, आणि खाजगी जागा तिच्यात येतच नाहीत.

खरी मेख इथेच आहे.

सिटीला कायद्याचं संरक्षण आहे. बर्फ पडल्यावर किती तासांत रस्ता साफ व्हायला हवा याचे ऑन्टारियोत ठरलेले निकष आहेत. ते पाळले की सिटी बऱ्यापैकी सुरक्षित. सिटीच्या फुटपाथवर तुम्ही घसरलात तर घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि नोटीसही १० दिवसांत द्यावी लागते. आता प्लाझाचं बघा. तिथे असा ठरलेला निकष नाही. कोणी पडलं की दावा मालकावर, मॅनेजमेंट कंपनीवर आणि बर्फ काढणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरवर, सगळ्यांवर. २०२१ पासून ६० दिवसांत लेखी नोटीस द्यायचं बंधन आलं, ते बरं झालं. पण "किती मीठ पुरेसं" याचं उत्तर त्या कायद्यात नाही. मग कॉन्ट्रॅक्टर काय करणार? कोर्टात दाखवता येईल एवढं मीठ टाकतो. वर बऱ्याच करारांत पैसे दर फेरीमागे किंवा टनामागे मिळतात. म्हणजे कमी टाकलं तर धोका त्याचा, जास्त टाकलं तर कमाईही त्याचीच. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं.

प्रमाण कळावं म्हणून एक साधं माप सांगतो. कॉफीचा एक मोठा मगभर मीठ फुटपाथच्या दहा चौकोनांना पुरतं. दोन खड्यांमध्ये तीनेक इंच अंतर हवं. आता उद्या कुठल्याही प्लाझात उतरून बघा, बुटाखाली कुरकुर वाजेल. डांबर कोरडं झाल्यावर जे मीठ उरलेलं दिसतं, ते मुळात नकोच होतं. मग ते गाड्यांच्या चाकांना लागून घरी येतं.

गंजाचं म्हणाल तर आपल्यातल्या रत्नागिरी-अलिबागवाल्यांना नवीन काही सांगायला नको. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे पोखरतात ते लहानपणापासून बघितलंय. इथे ते खारं पाणी थेट गाडीच्या पोटाला लागतं. मीठ ओल धरून ठेवतं, आणि थंडी वाढली तरी खारट पाणी लवकर गोठत नाही, त्यामुळे लोखंड दिवसेंदिवस ओलंच राहतं. गंमत म्हणजे गरम गॅरेजमध्ये गाडी ठेवली की गंज जास्त जोरात चढतो. बाहेर कडाक्यात मंद असतो, ऊब आणि ओल एकत्र आली की धावतो.

दरवाजाखालचा पत्रा फुगला तर दिसतो, लाज वाटते, एवढंच. भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे ब्रेक लाइन. गाडीखालून जाणारी बारीक धातूची नळी, आत ब्रेकचं तेल. ती आतल्या आत सडत जाते आणि नेमकी जोरात ब्रेक दाबल्यावर फुटते, कारण तेव्हाच तिच्यावर सगळ्यात जास्त दाब असतो. अमेरिकेत रस्ता-सुरक्षा खात्याने याची मोठी चौकशी करून २०१५ मध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांना सूचना काढली होती: खालून गाडी धुवा आणि ब्रेक लाइन तपासून घ्या. ट्रिपल ए ने २०१७ मध्ये काढलेला अंदाज असा, की अमेरिकन गाडीवाले मिठाच्या गंजापायी वर्षाला ३ अब्ज डॉलर घालवतात.

आणि हा खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाही. आपल्यातले जे तीन-चार वर्षांच्या लीजवर गाडी घेतात, ते गंज दिसायच्या आत चावी परत देतात. गंज भेटतो तिसऱ्या मालकाला. तो बहुतेक वेळा कॉलेजला आलेला आपला पोरगा असतो, दहा-बारा वर्षं जुनी कोरोला "ॲज इज" घेतलेला, रात्री डिलिव्हरी करणारा. सेफ्टी सर्टिफिकेट ऑन्टारियोत मुख्यतः गाडी दुसऱ्याच्या नावावर होताना लागतं, नंतर दरवर्षी कोणी तपासत नाही. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला एवढं सांगा: तेल बदलताना गाडी लिफ्टवर असतेच, तेव्हा मेकॅनिकला ब्रेक लाइन दाखवायला सांग. पारा शून्याच्या वर गेला की खालून पाणी मारून घे. आणि ऑक्टोबरमध्ये ऑइल स्प्रे कर. विंटर टायरचं तर बोलायलाच नको, विमा कंपन्यांना त्यावर सवलत देणं २०१६ पासून बंधनकारक आहे, मागितली नसेल तर मागा.

पण गाडी विकता तरी येते. पाण्याचं काय? आपल्या वॉटरलू रीजनचं बहुतांश पाणी जमिनीखालच्या विहिरींतून येतं. पार्किंगमध्ये विरघळलेलं मीठ कुठे नाहीसं होत नाही, मुरतं, आणि नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही. ज्यांच्या घरी बीपीचे पेशंट आहेत त्यांनी लक्षात ठेवावं, की पाण्यात सोडियम लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर गेलं की आरोग्य अधिकाऱ्याला कळवावं लागतं, ते त्यांच्याचसाठी. इमारतीही सुटत नाहीत. एलियट लेकमधला मॉल आठवतो? छतावर पार्किंग होतं. गाड्यांबरोबर येणारं खारट पाणी तीसेक वर्षं गळत राहिलं, आतला पोलादी सांधा सडला आणि जून २०१२ मध्ये छत कोसळून दोन बायका गेल्या.

यावर उपाय नवा शोधायचा नाहीये. न्यू हॅम्पशायरने २०१३ मध्ये कायदा केला: प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवणारा, किती मीठ टाकलं याची नोंद ठेवणारा कॉन्ट्रॅक्टर असेल तर घसरण्याच्या दाव्यांपासून त्याला आणि जागेच्या मालकाला संरक्षण. प्रशिक्षणाची सोय तर आपल्याच रीजनमधून सुरू झाली, "स्मार्ट अबाउट सॉल्ट" नावाने. राहिलाय तो कायदा, आणि तो प्रांताचा विषय आहे. म्हणजे आपल्या एमपीपीचा. निवडणुकीत आपल्या कार्यक्रमांना शाल-श्रीफळ घ्यायला येतात ना, त्यांना हा प्रश्न विचारा.

आई-बाबा भारतातून आले की ते पडतील याची भीती मलाही वाटते. म्हणूनच म्हणतो, आधी फावड्याने बर्फ नीट काढा, मग मीठ. अर्धवट काढलेल्या बर्फावर पोतं रिकामं केलं तर खाली चिखल होतो आणि रात्री तोच गोठतो. म्हातारा माणूस घसरतो तो त्याच्यावर.

माझ्या कॉन्डोच्या बोर्डाला मी तीन प्रश्न पाठवलेत. कॉन्ट्रॅक्टरला पैसे कशाप्रमाणे देता, फेरीमागे की सीझनचे एकरकमी? त्याची माणसं प्रशिक्षित आहेत का? मागच्या हिवाळ्यात किती मीठ टाकलं याची नोंद दाखवाल का? कॉन्ट्रॅक्ट नवीन करायची वेळ साधारण उन्हाळ्यात असते, डिसेंबरमध्ये ओरडून उपयोग नाही. कोणाला इंग्रजी पत्राचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्स करा, पाठवतो. देवळाच्या कमिटीत असलेल्यांनी तर नक्की करा, तिथलं पार्किंग मी बघितलंय.